तिसरा क्रमांक आणि चार मिनिटे सत्तावन्न सेकंद : हुआन आयुसोच्या पहिल्या व्हुएल्टाचे प्रकरण

नागपुरात सेमिनरी हिल्सच्या चढणीवर पहाटे सराव करणारा आमचा एक लहानसा गट आहे. त्यातील सतरा वर्षांच्या एका मुलाचे वडील दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी मला भेटायला आले. सुट्या भागांचे त्यांचे दुकान उघडायला अजून तासभर अवकाश होता, मुलगा फुटाळ्याच्या बाजूने शेवटची फेरी मारत होता, आणि त्यांनी पुढे केलेल्या मोबाइलवर एका स्पॅनिश तरुणाचे छायाचित्र होते. "सर, थो स्पेनचा पोट्टा एकोणीसचा असताना तीन आठवड्यांच्या रेसमध्ये तिसरा आला म्हन्ते. आपला सतराचा आहे. बारावी एक साल मांगं ठेवली तं काय बिघडते?"

या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. छायाचित्रातला तरुण म्हणजे हुआन आयुसो, आणि शर्यत म्हणजे २०२२ची 'व्हुएल्टा आ एस्पान्या', अर्थात स्पेनची तीन आठवड्यांची टप्प्यांची शर्यत. हे प्रकरण पालक आणि प्रशिक्षक यांच्या बोलण्यात वारंवार येते, पण बहुतेक वेळा ते 'एकोणीस' आणि 'तिसरा' या दोन शब्दांवरच संपते. त्या शर्यतीचा उपलब्ध तपशील मी पुन्हा नीट चाळला, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आयुसोच्या पहिल्या व्हुएल्टामध्ये भविष्याची खूण होती याबद्दल मला शंका नाही, मात्र ती खूण त्याच्या क्रमांकात नव्हती. शर्यतीच्या उत्तरार्धात अग्रस्थानापासूनचे त्याचे अंतर जवळपास वाढलेच नाही, या फारशा न बोलल्या गेलेल्या गोष्टीत ती होती.

शर्यतीपूर्वीचा आयुसो

आयुसोचा जन्म १६ सप्टेंबर २००२ रोजी बार्सिलोनात झाला. बालपणाचा काही काळ अमेरिकेत अटलांटा येथे गेला आणि पुढे तो स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील हावेआ या गावी वाढला. कनिष्ठ गटात तो राष्ट्रीय विजेता होता, परंतु त्याचे नाव खऱ्या अर्थाने गाजले ते जून २०२१ मध्ये, जेव्हा वयाच्या अठराव्या वर्षी त्याने तेवीस वर्षांखालील सायकलपटूंसाठीची दहा टप्प्यांची 'जिरो द'इटालिया' जिंकली आणि त्यातले तीन टप्पेही स्वतःच्या नावावर केले. त्याच वर्षाच्या मध्यावर तो यूएई टीम एमिरेट्स या सर्वोच्च श्रेणीच्या संघात दाखल झाला. त्या वेळी तादेय पोगाचार हा या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू होता.

२०२२च्या पहिल्या सहामाहीत त्याने एक-एक आठवड्याच्या शर्यतींत मोठ्यांच्या बरोबरीने झुंज दिली. मार्चमध्ये कॅटलोनियाच्या शर्यतीत तो पाचवा आला, वसंत ऋतूच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील रोमांडीच्या शर्यतीत चौथा, आणि जुलैच्या शेवटच्या दिवशी बास्क प्रांतातील गेचो येथील एकदिवसीय शर्यत जिंकून त्याने व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला विजय मिळवला. म्हणजे व्हुएल्टाच्या आरंभरेषेवर उभा असलेला मुलगा अनोळखी नव्हता. मात्र तोपर्यंत त्याने सलग स्पर्धा केली होती ती फार तर दहा दिवस. अकराव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, विसाव्या दिवशी त्याचे शरीर कसे वागेल, हे त्याला स्वतःलाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ही अज्ञात बाजू नेमकी किती मोठी असते, हे आपल्याकडे पुष्कळदा ध्यानात येत नाही. दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगचे नाव काढले की नागपूरकराला पहिल्यांदा आठवतात ते डॉ. अमित समर्थ, ज्यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. ती सुमारे ४,८०० किलोमीटरची सलग शर्यत आहे. तिच्यात घड्याळ थांबत नाही, झोपेचे तासही वेळेत धरले जातात, आणि निम्मी लढाई झोपेशीच असते. टप्प्यांच्या शर्यतीचा हिशेब वेगळा आहे. सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पहिला. येथे रोज चार-पाच तास शर्यत होते, रोज रात्री झोपायला मिळते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताज्या दमाने, किंबहुना ताजे असल्यासारखे, निघावे लागते. स्पर्धा सायकलवर होते, परंतु तिचा निकाल मोठ्या प्रमाणावर संध्याकाळी सहा ते सकाळी दहा या वेळेत, जेवणाच्या टेबलावर आणि अंथरुणात लागतो.

चोवीस दिवस

२०२२ची व्हुएल्टा १९ ऑगस्ट रोजी नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे सुरू झाली आणि ११ सप्टेंबर रोजी माद्रिदमध्ये संपली. एकवीस टप्पे आणि तीन विश्रांतीचे दिवस मिळून चोवीस दिवसांत सुमारे ३,२८० किलोमीटर अंतर कापायचे होते. वर्धा रोडने निघून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून कन्याकुमारी गाठावी आणि तसेच परत यावे, जवळपास तेवढे हे अंतर होते. फरक इतकाच की आपला महामार्ग बहुतांशी सपाट आहे आणि त्या वाटेवर मात्र सिएरा नेवाडासारखा, २,५०० मीटरच्या वर जाऊन संपणारा घाट होता. विदर्भात सरावासाठी लांब घाट हवा असेल तर आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याला जातो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

सहाव्या टप्प्यावर बेल्जियमचा बावीस वर्षांचा रेम्को इव्हनपूल आघाडीवर गेला आणि अखेरपर्यंत त्याने आघाडी सोडली नाही. आयुसो पहिल्या डोंगराळ टप्प्यांपासूनच पहिल्या दहांत टिकून होता. ३० ऑगस्ट रोजी दहावा टप्पा झाला. ती एल्चे ते अलिकांते अशी ३०.९ किलोमीटरची वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी केलेली शर्यत, होती. तीही इव्हनपूलने जिंकली आणि सर्वांनाच मागे सारले. त्या दिवसअखेर आयुसो इव्हनपूलच्या मागे पाच मिनिटांच्या किंचित आत होता. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याची कोविड चाचणी सकारात्मक आली. पाचव्या स्थानावर असलेल्या ब्रिटनच्या सायमन येट्सला त्याच सकाळी कोविडमुळे शर्यत सोडावी लागली. आयुसोला लक्षणे नव्हती आणि विषाणूचे प्रमाण कमी आढळले होते, त्यामुळे वैद्यकीय सल्लामसलतीनंतर त्याला पुढे जाण्याची परवानगी मिळाली. ज्याने आयुष्यात प्रथमच अकरावा टप्पा सुरू केला, त्याने तो या अवस्थेत सुरू केला. येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते की एखाद्या पालकाने याला जिद्दीचे उदाहरण म्हणून मुलापुढे ठेवू नये. विषाणूची बाधा असताना हृदयावर ताण देणे धोक्याचे ठरू शकते. त्याला परवानगी मिळाली ती संघाचे वैद्यक पथक आणि आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रक्रिया पाठीशी असल्यामुळे, आणि तशी व्यवस्था आपल्याकडील कोणत्याही सकाळच्या गटात नसते.

पुढच्या आठवड्यात शर्यत उलटीसुलटी झाली. बाराव्या टप्प्यात इव्हनपूल पडला, आणि त्यानंतर सिएरा दे ला पांडेरा व सिएरा नेवाडा या चढायांवर त्याची आघाडी घटली. सोळाव्या टप्प्यात तोमारेस येथे अंतिम रेषा दृष्टिपथात असताना, दुसऱ्या क्रमांकावर असलेला आणि मागील सलग तीन व्हुएल्टा जिंकलेला प्रिमोझ रोग्लिच जोरात आदळला, आणि दुसऱ्या दिवशी तो आरंभरेषेवर आलाच नाही. त्यामुळे आयुसो एक स्थान वर सरकला आणि तिसऱ्या क्रमांकावर आला. अठराव्या टप्प्यात त्याच्याच देशाचा, पहिलीच मोठी शर्यत खेळणारा एकवीस वर्षांचा कार्लोस रोड्रिगेझ पडला. तोवर तो आयुसोच्या लगोलग मागे चौथा होता. पट्ट्या बांधलेल्या अंगाने त्याने शर्यत पूर्ण केली, परंतु माद्रिदमध्ये तो सातवा होता.

अंतिम क्रमवारीत इव्हनपूल पहिला, स्पेनचा एन्रिक मास २ मिनिटे २ सेकंद मागे दुसरा, आणि आयुसो ४ मिनिटे ५७ सेकंद मागे तिसरा. विसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. व्हुएल्टाच्या इतिहासात इतक्या लहान वयात कोणी पहिल्या तिघांत आले नव्हते. इटली, फ्रान्स आणि स्पेन या तीनही मोठ्या शर्यती धरल्या तर त्याच्यापेक्षा लहान वयाचे उदाहरण शोधायला थेट १९०४ सालात जावे लागते. त्या वर्षीची तूर द फ्रान्स विसावे वर्ष पूर्ण होण्याच्या अकरा दिवस आधी संपवणारा आँरी कोर्ने मुळात पाचवा आला होता आणि पुढचे चौघे बाद ठरल्यामुळे काही महिन्यांनी विजेता घोषित झाला. कोर्नेने पुढे १९०६ मध्ये पॅरिस-रुबे ही एकदिवसीय शर्यत जिंकली, मात्र तूर पुन्हा कधीच जिंकली नाही. इतिहासातल्या या दोन सर्वांत कोवळ्या पदकविजेत्यांपैकी पहिल्याची पुढची वाटचाल अशी होती, हे वर्तमानपत्रांनी आयुसोच्या बातमीसोबत छापले असते तर बऱ्याच अपेक्षा वेळीच जमिनीवर आल्या असत्या.

क्रमांक बाजूला ठेवून

क्रमांक ही दुसऱ्यांवर अवलंबून असणारी गोष्ट आहे. रोग्लिच तोमारेसला पडला नसता तर बहुधा आयुसो चौथा आला असता, आणि येट्स घरी गेला नसता तर कदाचित त्याहून खाली. यात आयुसोचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही, कारण न पडणे आणि आजारी असूनही चालू शकणे हाही शर्यतीचाच भाग आहे. परंतु 'हा मुलगा पुढे काय करील' असे विचारायचे असेल तर दुसऱ्याच्या अपघाताने बदलणारा आकडा पुराव्यादाखल घेता येत नाही. वेळेतील अंतर मात्र त्या मानाने त्याचे स्वतःचे असते.

त्या अंतराकडे पाहू. दहाव्या टप्प्यानंतर पाच मिनिटांच्या किंचित आत, आणि एकविसाव्या टप्प्यानंतर ४ मिनिटे ५७ सेकंद. मधल्या अकरा टप्प्यांत आंदालुसियाचे डोंगर, एक विषाणू, एक्स्ट्रेमादुराचे लांब रस्ते आणि माद्रिदच्या उत्तरेची गुआदारामा पर्वतरांग येऊन गेली, पण तूट जिथल्या तिथे राहिली. म्हणजे त्याने गमावलेला वेळ जवळपास सगळाच पहिल्या दहा टप्प्यांतला आहे, आणि त्यातही टाइम ट्रायलचा वाटा ठळक आहे. ज्या पट्ट्यात पहिल्यांदा खेळणारे सायकलपटू सामान्यतः कोसळतात, नेमक्या त्या पट्ट्यात तो कोसळला नाही. प्रमाणाच्या दृष्टीनेही हे पाहता येते. विजेत्याला एकूण साडेऐंशी तासांच्या आसपास लागले. त्यात पाच मिनिटे म्हणजे हजारात एक भाग, शंभर रुपयांत दहा पैसे.

तिसऱ्या आठवड्यात काय होते हे समजल्याशिवाय या सपाट आलेखाची किंमत कळणार नाही. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, कठीण टप्प्यात काही तासांत संपत येते. ती रात्रीतून भरून काढण्यासाठी आणि सायकलवर असताना टिकवण्यासाठी खेळाडूला तासाला नव्वद ग्रॅम आणि अलीकडे त्याहूनही अधिक कर्बोदके पोटात ढकलावी लागतात, आणि डोंगराळ दिवशी एकूण खर्च पाच-सहा हजार कॅलरींच्या घरात जातो. दहा दिवस हे जमते. त्यानंतर भूक मरते, झोप तुटक होते, आणि तेवढाच जोर लावूनही हृदयाचे ठोके पूर्वीइतके वर जात नाहीत. हा दमलेल्या शरीराचा ओळखीचा संकेत आहे. मोठ्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे अशा शर्यती करून पचनापासून झोपेपर्यंत सगळे त्या चाकोरीत बसवलेले असते. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे ते नसते, आणि तरीही ज्याच्या बाबतीत ते घडून येते त्याच्याकडे काहीतरी जन्मजात आहे असे मानायला आधार मिळतो. पायांतली ताकद पुढे सरावाने वाढवता येते. रात्रीतून सावरण्याची ही क्षमता मात्र सरावाने थोडीशीच वाढते, असे माझे निरीक्षण आहे.

तथापि या आकड्याचाही अतिरेक नको. आघाडीवरचा खेळाडू उत्तरार्धात बचाव करतो, तो पडलेलाही होता, त्यामुळे त्याच्यापासूनचे अंतर न वाढणे म्हणजे त्याच्या बरोबरीचे असणे नव्हे. मासने त्याच काळात इव्हनपूलपासूनचे आपले अंतर सुमारे तीन मिनिटांवरून दोनवर आणले, म्हणजे तो आयुसोपेक्षा मिनिटभराने सरस ठरला. शिवाय आयुसोने एकही टप्पा जिंकला नाही. त्याच संघाच्या पोगाचारने २०१९ मध्ये आपल्या पहिल्याच व्हुएल्टात, एकविसाव्या वाढदिवसाच्या सहा दिवस आधी, तिसरा क्रमांक मिळवला होता, पण त्यात त्याने तीन डोंगरी टप्पे जिंकले होते. तोच संघ, तीच शर्यत, तोच क्रमांक आणि वाढदिवसाच्या तोंडावर मिळालेले तेच यश, यामुळे दोघांची तुलना होणे अटळ होते, आणि तिचे ओझे आयुसोच्या खांद्यावर बसले. पोगाचारने पुढच्याच वर्षी तूर जिंकली. त्यामुळे २०२३ उजाडताच लोक आयुसोकडे हुंडी वटवायला आल्यासारखे पाहू लागले.

अंतर्गत व्यवस्थेचा भागही विसरता येत नाही. त्या व्हुएल्टात संघाचा मुख्य मोहरा म्हणून पोर्तुगालचा जुआंव अल्मेइदा उतरला होता आणि तो पाचवा आला. म्हणजे आयुसोवर पहिल्या दिवसापासून निकालाची सक्ती नव्हती. दुसऱ्याच्या नावावर आलेल्या संघात राहून तो वर सरकत गेला. पहिल्या शर्यतीतील मोकळेपणा दुसऱ्या शर्यतीत मिळत नाही, आणि ही गोष्ट निकालपत्रावर कुठेच छापलेली नसते.

पुढची तीन वर्षे

२०२३च्या सुरुवातीचे महिने त्याने पायाच्या दुखापतीत गमावले. पुनरागमनानंतर स्वित्झर्लंडच्या शर्यतीत तो दुसरा आला आणि त्याच वर्षीच्या व्हुएल्टात चौथा, सोबत तरुण खेळाडूंच्या क्रमवारीत पहिला. त्याच्या पुढचे तिघेही त्या वर्षी सर्वांवर भारी पडलेल्या एकाच संघाचे, जम्बो-विस्माचे, होते. २०२४ मध्ये बास्क प्रांताची शर्यत त्याने जिंकली, पण पहिल्याच तूरमधून कोविडमुळे तेराव्या टप्प्यात बाहेर पडला. २०२५ मध्ये इटलीतील एका आठवड्याची तिरेनो-आद्रियातिको जिंकली, मोठ्यांच्या तीन आठवड्यांच्या जिरोचा सातवा टप्पा जिंकला, नंतर त्याच जिरोत पडून गुडघा दुखावला, आणि अठराव्या टप्प्यात, मधमाशी चावून सुजलेल्या डोळ्यानिशी, शर्यत सोडली. त्या वर्षीच्या व्हुएल्टात दोन टप्पे मिळाले, एकूण वेळेच्या क्रमवारीत मात्र तो स्पर्धेत नव्हता. शर्यत चालू असतानाच संघाशी फारकत जाहीर झाली, आणि २०२६ पासून तो लिडल-ट्रेक संघात गेला.

म्हणजे २०२५ अखेरपर्यंत तीन आठवड्यांच्या शर्यतीत पहिल्या तिघांत येण्याचा मान त्याला एकदाच मिळाला, तोही पहिल्याच खेपेस. यावरून 'आश्वासन फोल ठरले' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो उतावळा वाटतो. एक आठवड्याच्या शर्यतींत तो जगातील सर्वोत्तमांपैकी एक झाला, आणि पूर्ण केलेल्या पहिल्या दोन व्हुएल्टांत तिसरा व चौथा आला. पुढे ज्या मोठ्या शर्यती त्याच्या हातून निसटल्या त्यांत आजार, पडणे आणि संघातील ताण यांचा भाग मोठा आहे. शरीराची सावरण्याची क्षमता २०२२ मध्ये दिसली ती खरी होती. ती दिसली म्हणून पुढच्या शर्यतींत आजार येणार नाही, असे मात्र कोणी सांगितले नव्हते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण खुद्द त्या वर्षीच्या विजेत्याचे आहे. इव्हनपूलची पहिली तीन आठवड्यांची शर्यत म्हणजे २०२१ची जिरो. ऑगस्ट २०२०च्या इटलीतील लोंबार्दिया या एकदिवसीय शर्यतीत तो पुलाच्या कठड्यावरून खाली पडला होता आणि कटिप्रदेशाचे हाड मोडले होते. त्यानंतरची त्याची ही थेट पहिलीच शर्यत. पहिला आठवडा उत्तम गेला, मग पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर त्याचा दम तुटला आणि सतराव्या टप्प्यातल्या अपघातानंतर तो घरी गेला. त्या निकालावरून भाकीत करायला बसलेल्या माणसाने सोळा महिन्यांनंतरचा व्हुएल्टा विजेता म्हणून त्याचे नाव लिहिले नसते.

नागपूरची वही

आता मूळ प्रश्नाकडे. त्या मुलाच्या वडिलांना हे सगळे सांगण्याआधी मी एक साधा प्रयोग सुचवला, आणि सुट्टीचे दिवस हाताशी असल्यामुळे तो लगेच झाला. सलग सहा दिवस, रोज पहाटे निघून चार-साडेचार तास सायकल चालवायची. एक दिवस रामटेक, एक दिवस सेवाग्राम, एक दिवस काटोल, मग उमरेड, आणि असेच पुढे. परतताना सेमिनरी हिल्सची तीच चढण ठरावीक वेळा चढायची. सकाळी डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणातून न उठता, मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. पायांनी किती जोर लावला ते मोजणारे पॉवर मीटर आमच्याकडे नाही. वही आणि घड्याळ यांवर भागवावे लागते, आणि या कामापुरते ते भागते.

पहिल्या तीन दिवशी मुलगा खुशीत होता. चढणीच्या चारही फेऱ्या एकमेकींपासून चार-पाच सेकंदांच्या आत येत होत्या. चौथ्या दिवशी वहीत नुसते "पाय जड" असे दोन शब्द होते. पाचव्या सकाळी नाडी पहिल्या दिवसापेक्षा मिनिटाला नऊ ठोक्यांनी वर होती. सहाव्या दिवशी चढणीची दुसरीच फेरी त्याने अर्ध्यावर सोडली. यातले मला सर्वांत बोलके वाटले ते वहीत नव्हतेच. ते त्याच्या आईने सांगितले. एरवी सहा पोळ्या खाणारा मुलगा पाचव्या रात्री दोन पोळ्यांवर उठला, वरण-भात ताटात तसाच राहिला, आणि "भूकच नाही" म्हणत साडेआठला झोपला. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या खेळाडूंना जे भोगावे लागते त्याची सौम्य आवृत्ती या मुलाने पाचव्या दिवशी अनुभवली.

यात मुलाचा कमीपणा काहीच नाही. त्याच्या वयाला आणि सरावाला हे अगदी साजेसे आहे. खरे तर वाढत्या वयात जेवढे खर्चले तेवढे पोटात गेले नाही तर हाडे, संप्रेरके आणि रोगप्रतिकारशक्ती सगळ्यांनाच फटका बसतो, आणि या अवस्थेची दखल आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून स्वतंत्र नावाने घेतली आहे. म्हणून माझे पहिले सांगणे आहाराविषयीचे होते. सायकलवर दर अर्ध्या तासाला खायचे, मग ती चिक्की असो, खजूर असो की गूळ-केळे, आणि घरी आल्यावर तहान भागली म्हणून जेवण टाळायचे नाही. दुसरे सांगणे बारावीविषयीचे. आयुसोच्या बाबतीत पणाला लावण्यासारखे काही उरले नव्हते, कारण अठराव्या वर्षी त्याच्या हातात दहा टप्प्यांची शर्यत जिंकल्याचा निकाल आणि पाठोपाठ व्यावसायिक संघाचा करार होता. आपल्या मुलाच्या हातात सध्या सहा दिवसांची एक वही आहे. एक वर्ष परीक्षा मागे ठेवून त्या वर्षात तो ज्या शर्यतीत उतरेल अशी तीन आठवड्यांची शर्यत या वयाला जगात कुठेच नसते. कनिष्ठ गटाच्या शर्यती काही दिवसांच्याच असतात, आणि तेवढ्या सरावासाठी पहाटेचे दोन तास आणि रविवार पुरतो.

वडिलांनी वही दोनदा उलटून पाहिली. "म्हंजे तिसरा नंबर काहीच नाही का, सर?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना तो नंबर सोडून द्या असे म्हटले नाही. मी दहाव्या टप्प्यानंतरचे आणि एकविसाव्या टप्प्यानंतरचे अंतर कागदावर एकाखाली एक लिहून दिले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि मग, दुकानात उधारीची वही तपासताना विचारावे तशा सुरात, "मधल्या अकरा दिवसांत काही गेलंच नाही?" एवढेच विचारले. त्या क्षणी प्रकरण त्यांना समजले असे मी धरून चाललो.

मुलगा या फेब्रुवारीत बारावीला बसणार आहे. सहा दिवसांची पुढची फेरी परीक्षेनंतर लगेच घ्यावी असे त्याचे म्हणणे होते, पण मार्च संपता संपता नागपूरचे ऊन सुरू होते आणि मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, त्यामुळे ती पावसाळ्यानंतर ठरली आहे, आणि त्यातले दोन दिवस चिखलदऱ्याच्या घाटावर असतील. वहीत नाडीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आला आहे. रात्री किती पोळ्या खाल्ल्या, हे लिहिण्यासाठी तो त्याच्या आईने पट्टीने आखून दिला.